सात नंबरचं कडं

शेकोटीत दोन काड्या टाका बे, अन् गपचूप बसा. मधात कोणी 'मंग काय झालं, काका, मंग काय झालं' केलं तं मी उठून घरी जाईन, आधीच सांगून ठेवतो. उकंडराव एकदा उठला की पुन्हा बसत नाई, हे अख्ख्या अमडापूरले माहीत हाये.

तुम्ही धाडच्या बाजारात जाता ना? तिथं शेवटच्या ओळीत एक माणूस वांगे अन् मेथी घेऊन बसते. कोणी भाव पाडून मागतला तं हुज्जत घालत नाई, मुकाट्यानं देऊन टाकते. कडूबा त्याचं नाव. केस पांढरे झाले म्हणून तुम्ही त्याले बुढा म्हणता, पण माझ्याहून धा सालानं लहान हाये लेकाचा. सात सालाआधी तो रेल्वेत केबिनवाला होता. हे जे सांगतो ते त्यानंच मले सांगतलं, एकदाच. म्या पुन्हा कधी विचारलं नाई, अन् तुम्हीही विचारू नका.

आपल्या बुलढाण्याले रेल्वे नाई, म्हणून केबिन म्हणजे काय ते आधी सांगा लागते. घाटाखाली उतरलं की मोठी लाईन लागते, मलकापूर-नांदुऱ्याकडची. त्या लाईनवर एक लहान स्टेशन होतं. नाव सांगत नाई. तिथं आजही माणसं रातची ड्युटी करतात, कायले त्यायची झोप उडवा. स्टेशनापासून दोन-अडीच फर्लांगावर, लाईनच्या कडेले एक दुमजली खोली. वरच्या मजल्यावर चारही बाजूनं काचा, अन् मधात एका ओळीत उभे केलेले लोखंडी खटके, माणसाच्या छातीएवढे. मास्तर स्टेशनातून फोनवर सांगते, कोणती गाडी कोणत्या लाईनवर घ्यायची. केबिनवाला फडक्यानं मूठ धरून खटका ओढते, अन् तिकडं दूर खांबावर सिग्नलचा हात पडते. हात पडला की गाडी येते. नाई पडला तं तिथंच शिट्ट्या मारत उभी राहते. झालं, एवढीच केबिन.

आता कड्याचं ऐका. गँगवाल्यायले लाईनवर काम करायचं असलं, रूळ उचलायचा असो की बोल्ट कसायचे असो, तं गँगचा मुकादम आधी केबिनवर येते अन् त्या लाईनच्या खटक्यात लोखंडाचं एक कडं घालते. कडं घातलं की मूठ दाबल्या जात नाई, अन् मूठ दाबल्याशिवाय खटका हालत नाई. म्हणजे केबिनवाला विसरला तरी त्याचा हात अडते. काम झालं, सारी माणसं बाजूले झाली, की मुकादमानंच परत वर यायचं, आपल्या हातानं कडं काढून खिळ्याले लटकवायचं अन् बुकात अंगठा द्यायचा. ज्यानं घातलं त्यानंच काढायचं. मास्तर येवो की मोठा साहेब येवो, दुसऱ्यानं त्या कड्याले शिवायचं नाई. कायद्याच्या पुस्तकात काय लिहेल हाये मले ठाऊक नाई, पण त्या स्टेशनावरची रीत अशी होती.

कडूबानं ते रीत मोडली होती.

एकसष्टच्या पावसाळ्यातली गोष्ट. मेन लाईनखालची खडी वाहून गेली होती, अन् हिंमतराव मुकादम गँग घेऊन दिवस बुडल्यापासून कंदिलाच्या उजेडात राबून राह्यला होता. हिंमतराव म्हणजे कडूबाच्या जिवाचा माणूस. कडूबाची बायको माहेरी गेली की हा दोन्ही टाईम त्याच्या घरी जेवे, मंजुळावहिनीच्या हातची भाकर. त्या राती बाहेर मालगाडी अडकून पडली होती अन् मास्तर फोनवर घाई करून राह्यला होता. कडूबानं काचेतून पाह्यलं. गँगचे कंदील लाईन सोडून बाजूले चालले होते. झालं असन काम, त्यानं मनाशी म्हटलं. एवढ्या पाण्यात मुकादम कायले दोन फर्लांग भिजत येते... अन् त्यानं सोताच्या हातानं मेन लाईनच्या सात नंबर खटक्यातलं कडं काढलं. सहज निघालं ते. मंग त्यानं खटका ओढला.

माणसं बाजूले झाले होते, हे खरं. पण हिंमतराव एकटा मागं थांबला होता, शेवटचा बोल्ट कसत.

लोक बोंबलत केबिनवर येईस्तोवर धा मिनिटं गेले असतील. तेवढ्यात कडूबानं बूक उघडलं, अन् मुकादमाच्या रकान्यात आपला डावा अंगठा उमटवला. भेव, बाप्पा, दुसरं काय! पोरंबाळं आले त्याच्या डोळ्यासमोर. मंग चौकशी झाली. मुकादम वर आला, कडं काढलं, अंगठा दिला, अन् मंग आपल्या मनानं परत लाईनवर उतरला. चूक त्याचीच, असं ठरलं. त्या अंगठ्याकडं कोणी निरखून पाह्यलं नाई. मंजुळाबाईले ना भरपाई मिळाली ना नोकरी. क्वार्टर खाली करा लागलं. ते बाई दोन लेकरं घेऊन लाईनपलीकडच्या गावात एका खोलीत राहे अन् रस्त्यावर खडी फोडे. कडूबानं बदली मागून घेतली. दोन साल त्यानं त्या गावाकडं तोंड केलं नाई. मले म्हणे, "उकंडाभाऊ, भाकर तोंडात फिरे माझ्या. पण बोलू कसा? बोललो असतो तं माझे लेकरं खडी फोडाले गेले असते." खोटं काऊन बोला, त्याच्या जागी मी असतो तं मीही भ्यालो असतो.

मंग आली त्रेसष्टची जानेवारी. तेरा तारीख, रविवार. भोगीचा दिवस. कडूबा दुपारचा जेवून उठला होता, तं त्याच्या नव्या स्टेशनाच्या मास्तरचं बोलावणं आलं. त्या लहान स्टेशनावर रातच्या केबिनवाल्याचा सासरा वारला होता. एका रातीपुरता माणूस पाह्यजे होता.

"साहेब, दुसऱ्या कोणाले पाठवा ना," कडूबा म्हणे. "माझं अंग कसकस करून राह्यलं."

"एका रातीचं तं काम हाये. सणाचा दिवस, कोणी जायले तयार नाई. तुले तिथली केबिन माहीत हाये. संध्याकाळच्या गाडीनं जाय अन् सकाळी परत ये."

माहीत हाये, म्हणूनच तं जायचं नव्हतं. पण हे सांगता कसं येते? घोंगडं घेतलं, डबा घेतला, निघाला.

राती आठ वाजता तो केबिनच्या पायऱ्या चढला. अकरा पायऱ्या, लाकडाच्या. दिवसपाळीचा जहांगीर सिगडीपाशी हात शेकत बसेल होता.

"या, कडूबाभाऊ! लय दिवसानं दर्शन दिलं. सिगडी पेटवून ठेवली हाये, कोळसा भरपूर हाये. एक मालगाडी येईन, तिले लूपमधी, बाजूच्या लाईनीत, घेऊन उभी करा. रातची पॅसेंजर दोनच्या सुमाराले मेनवरून काढा. बाकी आराम करा."

त्यानं कोट चढवला, मफलर गुंडाळला. दारापर्यंत गेला अन् मागं फिरला.

"एक सांगायचं राह्यलं. सात नंबर लय जड चालते. तार बदलली, तेल पाजलं, काही फरक नाई. दोन्ही पाय रोवून ओढा लागते."

"कधीपासून?"

"दोन साल झाले असतील. तुमच्या वक्ती नव्हता काय?"

कडूबानं सिगडीत कोळसा टाकला. जहांगीर सलाम करून खाली उतरला. अकरा पायऱ्या वाजल्या, मंग खडीवरचे बूट वाजले, अन् मंग काहीच नाई.

साडेअकराले मालगाडी आली. लूपमधी उभी राह्यली. इंजिन सुस्कारे टाकत थंड झालं. बारा वाजले. धुई उतरली. पूर्णा नदीकडून येते ते धुई, तुम्ही पाह्यली नसन. हातभर अंतरावरचं दिसत नाई. चांद उगवला असन, कारण साऱ्या काचा पांढऱ्याफटक झाल्या होत्या. पण त्या पांढऱ्यात दिसे काहीच नाई. कडूबानं कंदिलाची वात मोठी केली. खिळ्याकडं पाह्यलं. कडं खिळ्याले लटकेल होतं. त्यानं तिकडं पाठ करून घेतली अन् घोंगडं पांघरलं.

एक वाजून पंचवीस मिनिटं. घड्याळ समोरच होतं, म्हणून त्याच्या ध्यानात राह्यलं.

पायरी वाजली.

मंग दुसरी. मंग तिसरी. दमादमानं. दिवसभर राबलेला माणूस चढते, तसं. अन् दर पावलाले बुटातून पाणी पचपचायचा आवाज.

मालगाडीचा गार्ड आला असन आग घ्यायले, कडूबाले वाटलं. त्याले बरंच वाटलं म्हणा ना, माणूस आला म्हणून.

"या, या गार्डसाहेब! दार लोटेल हाये नुसतं."

अकरावी पायरी वाजली. दार हाललं नाई.

"या ना."

...

कडूबा उठला. कंदील घेतला अन् दार उघडलं. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. खाली धुई. त्यानं कंदील वाकवला. दर पायरीवर चिखल होता. काळा, ओला, पावसाळ्यातला चिखल. अरे, दसऱ्यापासून आभाळातून थेंब पडला नव्हता! जमीन भेगाळेल होती! त्यानं बोट लावून पाह्यलं. थंडगार पाणी लागलं बोटाले.

धाडकन दार लावलं त्यानं. कडी घातली. पाठ दाराले टेकवून उभा राह्यला, अन् समोर पाह्यलं.

खिळा रिकामा होता.

कडं सात नंबरमधी होतं.

"जहांगीरनंच घातलं असन," तो मोठ्यानं बोलला, आपलाच आवाज ऐकाले यावा म्हणून. "मले दिसलं नसन." पण त्यानं सोता पाह्यलं होतं ना खिळ्यावर! थोड्या वेळाआधी पाह्यलं होतं.

तेवढ्यात बाहेर आवाज आला.

टण.

थांबून पुन्हा. टण. लोखंडावर लोखंड. पान्यानं बोल्ट कसताना पाना निसटला की होते तसा. कडूबा काचेपाशी गेला. काच पुसली. समोर धुईत, मेन लाईनवर, जमिनीलगत एक कंदील होता. पिवळा डाग नुसता. डागापाशी कोणीतरी उकिडवं बसेल होतं. खांदे हालून राह्यले होते.

"कोण हाये बे लाईनवर?" कडूबा ओरडला. काचेतून आवाज बाहेर जात नाई, हे त्याले माहीत होतं, तरी ओरडला.

टण...

अन् तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. पावलं वर आले होते. अकराही पायऱ्या. खाली गेल्याचा आवाज झालाच नव्हता. बाहेर जो बसेल होता तो कोणीही असो. वर जो आला होता, तो खाली उतरला नव्हता.

कडूबानं मागं वळून पाह्यलं नाई. मले म्हणे, "उकंडाभाऊ, मानच वळेना."

फोन वाजला.

कसाबसा हात गेला. महादेवराव मास्तर होता पलीकडं, एकसष्टच्या रातीचाच मास्तर. "कडूबा, पॅसेंजर निघाली मागच्या स्टेशनातून. मेन दे. लवकर दे, लूपमधी मालगाडी हाये, दुसरीकडं जागा नाई."

"साहेब... लाईनवर गँग हाये काय?"

"काय?"

"मेनवर कोणी काम करून राह्यलं, साहेब. कडं घातलं हाये सात नंबरले."

"झोपेत हायेस काय बे तू? भोगीच्या राती कोणती गँग येते? माझ्याकडं कोणाचा निरोप नाई, कागद नाई. काढ ते कडं अन् सिग्नल दे."

"मी नाई काढत, साहेब. ज्यानं घातलं..."

"कडूबा! संक्रांतीची गर्दी हाये गाडीत, बाया-लेकरं हायेत. या धुईत गाडी बाहेर उभी राह्यली, अन् मागून दुसरी आली तं? पहिल्यांदाही तुझ्याच ड्युटीत झालं होतं, इसरला काय? यावेळेस मी तुले वाचवत नाई. नोकरी जाईन तुझी."

कडूबाच्या हातातून फोन सुटला. तारेले लोंबकळत राह्यला. आतून मास्तर कावत होता.

दोन वाजून पाच मिनिटं. दूर शिट्टी झाली. लांबलचक. पॅसेंजर सिग्नलपाशी येऊन थांबली होती.

पुन्हा शिट्टी.

काय करा त्यानं? सांगा ना. सिग्नल नाई दिला तं नोकरी गेली. सिग्नल दिला तं... कंदील तिथंच होता. टण... टण... तो माणूस काही उठत नव्हता. गाडीची शिट्टी त्याले ऐकाले येत नव्हती काय?

कडूबा सात नंबरपाशी गेला. कड्याले हात लावला. कडं ओलं होतं. त्यानं जरा उचललं, अन् पोट्टेहो, ते सहज वर आलं. अडकलं नाई, कोणी धरून ठेवलं नाई. मागच्या वेळेस जसं निघालं होतं, तसंच निघून राह्यलं होतं. अजून बोटभर वर केलं की हातात.

शिट्टी...

तिथंच थांबला तो. बोटभर राह्यलं होतं.

मानेवर थंड हवा आली. दार बंद. काचा बंद. ओल्या घोंगड्याचा वास आला. बिडीचा वास आला. कोणीतरी मागं उभं होतं. इतकं जवळ, की कडूबा हालला असता तं पाठ टेकली असती.

"...मुकादम?"

काही नाई.

"हिंमतदादा... तुम्हीच काढा. तुमचं कडं हाये."

काही नाई. बाहेरचा टण टण थांबला होता. कधी थांबला कोणास ठाऊक. धुईतला कंदील आता जमिनीवर नव्हता. छातीएवढ्या उंचीवर होता. हालत नव्हता. केबिनकडंच पाहत होता.

शिट्टी झाली नाई. मास्तरचा आवाजही येईना. अख्खी रात जशी कान देऊन थांबली.

कडूबानं कडं सोडलं. ते खाली जाऊन मुठीवर बसलं. त्यानं दोन्ही हात जोडले, मान खाली घातली, अन् जे दोन साल पोटात होतं ते बाहेर पडलं.

"दादा, तुम्ही वर आलेच नव्हते. कडं म्या काढलं. तुम्हाले आवाजही नाई दिला. बुकातला अंगठा माझा हाये. डाव्या हाताचा. तुमची काही चूक नव्हती. म्या मारलं तुम्हाले, अन् वरून वहिनीच्या तोंडचा घास काढला... मी सांगतो साऱ्यायले. उद्याच सांगतो. पण आता गाडीत लेकरं हायेत, दादा. थंडी हाये लय."

...

...

खण.

त्यानं डोळे मिटेलच ठेवले. लोखंडाचा लहान आवाज होता तो, भिंतीकडून आला. मंग दाराची कडी निघाली. मंग पायऱ्या वाजल्या. अकरा. दमादमानं, पण खाली जाणाऱ्या.

डोळे उघडले तं सात नंबर मोकळा होता. कडं खिळ्याले लटकून हालून राह्यलं होतं. बाहेर कंदील लाईन सोडून बाजूले चालला होता, शेतातून, गावाच्या दिशेनं. लहान होत होत धुईत गेला. घड्याळात दोन वाजून सतरा मिनिटं.

कडूबानं फडकं न घेताच सात नंबर ओढला. पोरानं ओढावा इतका हलका आला. तिकडं हात पडला. पॅसेंजर केबिनखालून गेली. उजेडाच्या खिडक्या, खिडक्यात झोपेल माणसं. शेवटचा लाल दिवा गेला तेव्हा तो खालीच बसला अन् ढसाढसा रडला.

लोंबकळत्या फोनातून बारीक आवाज आला. "कडूबा... कोणासंग बोलून राह्यला होता तू?" मास्तरनं सारं ऐकलं होतं.

आता पुढचं लवकर सांगून टाकतो, कारण मले जे सांगायचं हाये ते ह्याच्या आधीचं हाये. सकाळी महादेवराव केबिनवर आला. माणूस वाईट नव्हता तो. म्हणे, "हे पाह्य, म्या काही ऐकलं नाई. धुईनं बारा मिनिटं गाडी थांबली, एवढंच लिहितो. तू गाडी पकड अन् आपल्या घरी जाय. मेलेला माणूस काही परत येत नाई." म्हणजे सुटला होता ना कडूबा! कोणी त्याच्या केसालेही धक्का लावला नसता. पण हप्त्याभरातच त्यानं मोठ्या ऑफिसात जाऊन लिहून दिलं. अंगठा ताडून पाह्यला, त्याचाच निघाला. नोकरी गेली, सहा महिने आतही बसून आला. मंजुळाबाईले स्टेशनावर पाणी पाजायची नोकरी लागली, मागचे पैसेही मिळाले. कडूबाचं घर बसलं, पण आता भाकर तोंडात फिरत नाई म्हणते.

हे मागाहूनचं. त्या सकाळी काय झालं ते ऐका.

मास्तर बोलत होता अन् कडूबा पायऱ्या उतरला. चिखल नव्हता कुठंच, लाकूड कोरडं ठणठणीत. मास्तर म्हणे, स्टेशन तिकडं हाये, इकडं कुठं? कडूबानं लाईन ओलांडली, शेताच्या बांधानं निघाला. ज्या दिशेनं कंदील गेला होता तिकडं.

फटफटून राह्यलं होतं. मंजुळाबाई दारात सडा टाकत होती. संक्रांत होती ना. कडूबाले पाह्यलं अन् तिच्या हातातली बालटी तशीच राह्यली. दोन सालानं पाहत होती.

कडूबा तिच्या उंबऱ्यापाशी खाली बसला. "वहिनी, मले आधी बोलू द्या," म्हणे, अन् त्यानं सारं सांगतलं. कड्याचं, अंगठ्याचं, रातचं. एकही गोष्ट ठेवली नाई. वाटलं, आता बाई दगड घेईन, शिव्या देईन, गाव गोळा करीन. तिनं यातलं काहीच केलं नाई. तिनं एकच विचारलं.

"किती वाजता?"

"काय, वहिनी?"

"ते उतरले खाली तेव्हा किती वाजले होते, भाऊजी?"

"दोन वाजून सतरा मिनिटं."

तिनं बालटी खाली ठेवली. पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"आत या," म्हणे.

आत अंधार होता. लेकरं एका गोधडीत झोपेल होते. मंजुळाबाईनं चुलीपाशी चिमणी धरली.

"काल भोगी केली," ते हळूच बोलली, लेकरं उठू नयेत म्हणून. "दोन लेकरायचं वाढलं, माझं वाढलं, अन् चवथं ताट कधी वाढल्या गेलं मले समजलंच नाई. दोन सालात असं कधी झालं नव्हतं. बाजरीची भाकर होती, भाजी होती. परत काढून ठेवाले मन झालं नाई. झाकून ठेवलं अन् झोपली. अडीचच्या सुमाराले भांडं वाजलं. मांजर असन म्हटलं. उठली नाई मी, भाऊजी. भेव वाटलं मले. उठल्यापासून त्या कोपऱ्यात गेली नाई."

झाकणी बाजूले ठेवेल होती. नीट, उपडी.

कडूबानं वाकून पाह्यलं. ताट साफ होतं. भाकरीचा कुटकाही राह्यला नव्हता. मिरचीचं देठ तेवढं कडेले काढून ठेवेल होतं, अन् जेवून उठताना माणूस ताटात हात धुते, तसं ताटात पाणी होतं. पाण्यावर काळ्या वंगणाचा तवंग होता.

अन् ते पाणी अजून हालून राह्यलं होतं.